बाबांच्या काळ्या तव्यांचे काय करायचे?

गोंदिया जिल्ह्याच्या नकाशावर देवरी तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेला खेटून, जंगलाच्या कुशीत चिचगड हे गाव आहे. जुन्या जमीनदारीचे हे गाव. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही भंडारा जिल्ह्याचे. धान, मोहफूल, तेंदूपत्ता आणि बिडी यांवर जगणारा हा मुलूख. या मुलखातल्या आमच्या जुन्या मातीच्या घराच्या माच्यावर एक लाकडी पेटी वर्षानुवर्षे पडून होती. गेल्या उन्हाळ्यात घर पाडून स्लॅबचे घर बांधायचे ठरले, तेव्हा ती पेटी खाली उतरली आणि तिच्याबरोबर एक प्रश्नही खाली उतरला. याचे आता काय करायचे?

पेटीत रेकॉर्डी होत्या. आमच्याकडे त्यांना कोणी तबकडी म्हटले नाही. लोक त्यांना 'तवा' म्हणत. मोजल्या तेव्हा १४३ भरल्या.

वाचकहो, हा प्रश्न आमच्या एका घराचा असता तर तो या पानावर मांडला नसता. पण आपल्या वस्त्यावस्त्यांत, कोणाच्या माच्यावर, कोणाच्या पलंगाखाली, कोणाच्या लोखंडी पेटीत असे तवे आहेत. जिथे तवे नाहीत तिथे कॅसेटी आहेत. घर बदलताना, वाटणी होताना किंवा दिवाळीची सफाई करताना त्या बाहेर येतात आणि बहुतेक वेळा बाहेरच जातात. म्हणून आम्ही काय केले, कुठे चुकलो आणि काय शिकलो, ते सांगावेसे वाटते.

पोंग्याचा धंदा

आमचे वडील शेतमजूर होते. पण १९६८ साली त्यांनी थोडे कर्ज काढून बॅटरीवर चालणारे एक जुने अँप्लिफायर, दोन पोंगे आणि एक रेकॉर्ड वाजवायचे यंत्र घेतले. त्या वेळी आसपासच्या कितीतरी टोल्यांवर वीज नव्हती. बॅटरी चार्ज करायला देवरीला न्यावी लागे. लग्नसराईत बंडीवर पोंगे बांधून ते रात्रीच निघत. आई बिड्या वळून घर चालवायची आणि बाबांच्या सामानाची राखणही करायची.

त्या काळात लग्न म्हणजे पोंगा, मंडई म्हणजे पोंगा आणि १४ एप्रिल म्हणजे तर पोंगाच! जयंतीच्या दिवशी पहाटे पंचशील ध्वज चढण्याआधी बाबांचा पोंगा निंबाच्या झाडावर चढलेला असे. एक गाणे साऱ्या वस्तीला जागे करायचे. कोणाच्या घरी रेडिओ नव्हता, कोणाला वाचता येत नव्हते. पण त्या काळ्या तव्यातून बाबासाहेबांचे नाव जंगलातल्या शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचत होते. चळवळीचे पुस्तक ज्या घरात गेले नाही, त्या घरात चळवळीचे गाणे गेले. हे आपण कधीही विसरता कामा नये.

१९८० नंतर कॅसेटी आल्या. कॅसेट स्वस्त, हलकी आणि न फुटणारी. पाच-सहा वर्षांत बाबांचा धंदा बसला. त्यांनी पोंगे विकले, अँप्लिफायर विकले. रेकॉर्डी मात्र विकल्या नाहीत. पेटी माच्यावर गेली ती तिथेच राहिली. बाबा जाऊनही आता बरीच वर्षे झाली.

पेटीत काय निघाले?

आम्ही दोघे भाऊ आणि शिकणारी पुतणी असे तिघे बसलो. आई खाटेवरून बघत होती. सगळ्यात आधी ढीग केले. सिनेमाच्या गाण्यांच्या ६१. आरत्या, अभंग, भक्तिगीते यांच्या ३४. बुद्ध-भीमगीते आणि शाहिरीच्या २९. लावणी, तमाशाचे वग आणि लोकगीते यांच्या १२. फुटलेल्या ७.

फुटलेल्या साती जाड, जड आणि जुन्या होत्या. हे ७८ फेऱ्यांचे तवे. मिनिटाला ७८ वेळा फिरणारे, एका बाजूला साधारण तीन मिनिटांचे एकच गाणे असलेले. हे तवे प्लास्टिकचे नसतात. ते लाखेचे असतात. लाखेत दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून, गरम करून दाबले की तवा तयार होई. म्हणूनच हातातून पडला की तो मडक्यासारखा फुटतो.

लाख म्हणजे काय, हे आपल्या झाडीपट्टीतल्या माणसाला सांगायची गरज नाही. पळस, कुसुम आणि बोर या झाडांच्या फांद्यांवर बारीक किडा बसतो. त्याच्या अंगातून पाझरलेला थर म्हणजे लाख. आपल्या या जंगलात पिढ्यानपिढ्या आदिवासी आणि गोरगरीब मजूर ती गोळा करत आले. कोलकात्याजवळच्या डमडमला ग्रामोफोन कंपनीचा कारखाना १९२८ साली सुरू झाला. तिथे तयार होणाऱ्या लाखो तव्यांचा कच्चा माल असाच जंगलातल्या मजुराच्या हातून जात होता. ज्याने लाख खरवडली, त्याच्या घरी तवा विकत घ्यायची ऐपत नव्हती! आमच्या बाबांनी तो घेतला तोही भाड्याने वाजवून पोट भरण्यासाठी. गाण्याच्या इतिहासात गायकाचे नाव राहते, कंपनीचे राहते. लाख काढणाऱ्याचे आणि पोंगा वाहणाऱ्याचे राहत नाही.

पुढे लाखेच्या जागी व्हिनाईल हे प्लास्टिक आले. अमेरिकेत १९४८ साली ३३ फेऱ्यांची लाँग प्ले रेकॉर्ड निघाली. तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे गाणी मावत. पाठोपाठ ४५ फेऱ्यांची सात इंची छोटी रेकॉर्ड आली. आपल्याकडे ७८ चे तवे १९७० च्या सुमारापर्यंत चालले. आमच्या पेटीतल्या बहुतेक रेकॉर्डी सात इंची, आई ज्यांना 'कुत्राछाप लहान तवा' म्हणते त्या. ग्रामोफोनसमोर बसलेला तो कुत्रा तिला अजून ओळखू येतो. अक्षर ओळखता येत नसताना तिने तव्यांची ओळख चित्रावरून आणि रंगावरून ठेवली होती.

भंगारवाला आणि व्यापारी

पहिला विचार भंगाराचाच आला, हे प्रामाणिकपणे सांगतो. दारावर आलेल्या भंगारवाल्याने लहान तवे हातात घेऊन वाकवून पाहिले आणि किलोला दहा रुपये म्हणाला. लाखेच्या तव्यांना तर त्याने हातच लावला नाही. "हे फुटते, गळत नाही. कोण घेईल?" असे म्हणून तो निघून गेला.

मग पुतणीने सांगितले की जगात रेकॉर्डींचे दिवस परत आले आहेत. तिचे म्हणणे खोटे नव्हते. अमेरिकेत २०२२ साली रेकॉर्डींची विक्री नगांच्या हिशेबाने सीडीच्या पुढे गेली. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. आपल्या देशातही मोठ्या शहरांत हौशी माणसे जुन्या रेकॉर्डी शोधत फिरतात. ओळखीतून एक व्यापारी आला. त्याने सिनेमाच्या ६१ पैकी ४४ निवडल्या आणि त्यांचे साडेसात हजार रुपये सांगितले. भीमगीतांचा ढीग त्याने पाहिला आणि बाजूला सारला. "याला गिऱ्हाईक नाही. आणि कव्हरवर कोणी पेनाने लिहून घाण केली आहे," असे तो म्हणाला.

घाण? आम्ही ती कव्हरे प्रथमच नीट पाहिली.

बाबा चौथी शिकलेले होते. प्रत्येक रेकॉर्ड कुठे आणि कधी वाजली, ते त्यांनी कागदी कव्हरावर बारीक अक्षरात लिहून ठेवले होते. गावाचे नाव, तारीख, कार्यक्रम आणि मिळालेले पैसे. '१४ एप्रिल १९७४, जयंती, पैसे घेतले नाही.' 'विजयादशमी १९७१, विहाराचा पाया.' एका कव्हरावर एका लग्नाची नोंद आणि खाली, 'पहिले लग्न बौद्ध पद्धतीने, भट नाही.' एका ठिकाणी, 'पोंगा उतरवायला लावला' एवढेच. कोणी उतरवायला लावला, का लावला, हे लिहिलेले नाही. आईला विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ते गाव आता सुधारलं बापू. राहू दे."

वाचकहो, आमच्या वस्तीत विहार केव्हा बांधला, यावर दोन वर्षांपूर्वी बैठकीत वाद झाला होता. कोणी १९६९ म्हणे, कोणी १९७३. त्याचे उत्तर आमच्याच माच्यावर, उदईपासून कसेबसे वाचलेल्या एका कागदावर होते. ज्या समाजाचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला नाही, त्याचा इतिहास अशा कव्हरांवरच सापडणार. आणि व्यापाऱ्याला ती घाण वाटली! दोष त्याचाही नाही. त्याला गाणे विकायचे होते, आमचे गाव नव्हे.

वाद: आरत्यांचे काय?

खरा वाद पुढेच झाला. भक्तिगीतांच्या ३४ रेकॉर्डी घरात ठेवायच्या की नाही? विहाराच्या कामात असणारे आमचे एक ज्येष्ठ नातेवाईक आले होते. त्यांचे मत स्पष्ट होते. "१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. बौद्धाच्या घरात गणपतीच्या आरतीचा तवा कशाला? फोडून टाका."

त्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे. पण आई एकदम म्हणाली, "कायले फोडता जी? आम्ही पूजा केली का त्याची? त्याच तव्यानं पोरांच्या फिया भरल्या ना!"

खरे होते. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांचे भाडे म्हणजे आमची शाळेची फी आणि पावसाळ्याचे धान्य. बाबांनी मनात प्रतिज्ञा पाळली आणि हाताने पोंगा चालवला. त्यांच्या घरात मूर्ती आली नाही, नवस झाला नाही, पण गिऱ्हाइकाला जे हवे ते त्यांनी वाजवले. मजुराचे जगणे असेच असते.

आणि गाणाऱ्यांचे काय? प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घ्या. २००४ साली ते गेले. विठ्ठलाची आणि गणपतीची त्यांची गाणी साऱ्या महाराष्ट्राच्या ओठांवर आहेत आणि भीमगीतेही त्यांच्याच गळ्यातून घराघरांत गेली. आपल्याच समाजातला हा गायक. ज्या गळ्याने भीमगीत गायले, त्याच गळ्याने पोटासाठी आणि कलेसाठी अभंग गायला. त्या रेकॉर्डी फोडायच्या म्हणजे नेमके काय फोडायचे? प्रतिज्ञा आपल्याला कोणाची पूजा करू नये हे सांगते. कलावंताची मेहनत मातीत घालावी, असे कोणतीही प्रतिज्ञा सांगत नाही. द्वेषाने फोडणे हा तर धम्माचा मार्गच नव्हे.

पण ठेवायच्या कशाला, हाही प्रश्न रास्त होता. शेवटी शेजारच्या गावात भजन मंडळातले एक वृद्ध गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे चालू यंत्र आहे. वीस रेकॉर्डी त्यांना दिल्या. पैसे घेतले नाहीत. उरलेल्या १४ मध्ये आपल्या समाजातल्या गायकांचे आवाज आहेत, त्या ठेवल्या. आमच्या नातेवाइकांना हे पूर्ण पटलेले नाही. बोलणे चालू आहे, येणे-जाणेही चालू आहे.

आवाज का जपायचा?

काही जण म्हणतील, आता सगळी गाणी मोबाईलवर मिळतात, मग हा खटाटोप कशाला? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

बाबासाहेबांच्या हयातीत भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी जलसे काढून गावोगाव जागृती केली. कर्डकांचा एक जलसा म्हणजे माझ्या दहा सभा, असे बाबासाहेब म्हणत, असे जुनी माणसे सांगतात. त्या जलशांचा रंग आज आपण कर्डकांनी पुढे लिहिलेल्या पुस्तकातून वाचतो. तो कानाने ऐकण्याचे भाग्य आपल्याला कुठे? वामनदादा कर्डक १९२२ साली जन्मले आणि २००४ साली गेले. आयुष्यभर गाणी लिहीत, गात ते गावोगाव हिंडले. त्यातली किती रेकॉर्डवर आली आणि किती त्या त्या रात्रीच्या मंडपातच विरून गेली? विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, कृष्णा शिंदे, नागपूरकडचे कव्वाल नागोराव पाटणकर, आणि ज्यांची नावे फक्त एखाद्या तालुक्यालाच ठाऊक होती असे शेकडो शाहीर. यातल्या प्रत्येकाला कंपनीने बोलावले नाही.

१९५४ साली बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले होते. ती निवडणूक ते हरले, हे शल्य या भागातल्या वृद्धांनी शेवटपर्यंत बाळगले. त्या सभा ऐकणारी पिढी आता जवळजवळ संपली. दीक्षाभूमीवरचे भाषण 'प्रबुद्ध भारत'मध्ये छापले गेले म्हणून आपण वाचतो. बीबीसीच्या माणसाने १९५५ साली मुलाखत ध्वनिमुद्रित केली म्हणून आपली नातवंडे बाबासाहेबांचा आवाज ऐकतात. कोणीतरी लिहिले म्हणून वाचले, कोणीतरी जपले म्हणून ऐकले. आपोआप काहीच राहत नाही.

जपणारी माणसे आपल्यात होऊन गेली. नागपूरचे वसंत मून यांनी बाबासाहेबांचे अप्रकाशित लेखन खंडांमागून खंड काढून समाजासमोर आणले. पहिला खंड १९७९ साली आला. धम्मदीक्षेच्या सोहळ्यासाठी झटलेले वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू मिळवल्या आणि त्या आज नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात आहेत. कोट, टाईपरायटर, रोजच्या वापरातल्या साध्या वस्तू. त्या वेळी कोणी त्यांना जुने सामान म्हणून टाकून दिले असते तर? आणि स्वतः बाबासाहेबांनी दादरला घर बांधले तेही पुस्तकांसाठी. असा ज्यांचा नेता, त्या समाजाच्या घरातून जुना कागद आणि जुना आवाज विचार न करता बाहेर जाऊ नये.

बायकांच्या आवाजाचीही एक गोष्ट सांगतो. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९६ साली बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात त्यांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. आज त्या ओव्या 'परी' या संस्थेमार्फत जगात कुठेही ऐकता येतात. त्या बायकांनी कधी रेकॉर्ड काढली नव्हती. कोणीतरी यंत्र घेऊन त्यांच्या दारी गेले, एवढेच.

आम्ही काय केले?

पुतणीने मैत्रिणीच्या घरून चालू यंत्र आणले. आमच्या यंत्राची सुई आणि पट्टा गेलेला होता. एक-एक तवा पुसून, वाजवून संगणकात उतरवला. कव्हरांचे आणि मधल्या गोल कागदाचे फोटो काढले. आईला बाजूला बसवले. ती प्रत्येक गाण्याला काही ना काही सांगे आणि तेही मोबाईलवर उतरवून घेतले.

एका भीमगीताच्या वेळी मजा झाली. तेच गाणे पुतणीने आधी मोबाईलवर स्वच्छ लावले होते. आईने ऐकले आणि मान हलवली. "हे आपलं नाही होय." मग आमचा तवा लावला. दुसऱ्या कडव्यात सुई अडकली आणि एकच शब्द तीनदा वाजला. आई हसली. आम्हालाही आठवले! वस्तीतली सगळी पोरे ते गाणे तसेच म्हणत, तो शब्द तीनदा घेऊन. आम्हाला वाटे गाणेच तसे आहे. आमच्या वस्तीने ते गाणे बाबांच्या फुटक्या तव्यावरून शिकले होते.

आता हिशेब. सिनेमाच्या ४४ विकल्या. साडेसात हजार रुपये आले आणि ते स्लॅबच्या सळाखीत गेले. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. घर उभे करायचे होते आणि ती गाणी इतर हजार ठिकाणी सुरक्षित आहेत. मात्र विकण्याआधी त्यांची कव्हरे काढून घेतली. व्यापाऱ्याला नको असलेल्या १७ आईच्या आवडीच्या निघाल्या, त्या राहिल्या. लावणी-वगाच्या १२ मोठ्या भावाने मागून घेतल्या. बुद्ध-भीमगीतांच्या २९ आणि समाजातल्या गायकांच्या १४ अशा ४३ रेकॉर्डी आईच्या लोखंडी कपाटात उभ्या आहेत. आधी विहारात ठेवायचे ठरले होते. पण विहारावर टिनाचे छत आहे. मे महिन्यात तिथे व्हिनाईल पापडासारखे वाकडे होईल. गाण्यांच्या आणि कव्हरांच्या फोटोंच्या प्रती मात्र तीन ठिकाणी आहेत. एक घरी, एक विहारात, एक भिलाईच्या नातेवाइकांकडे.

पुढे एखाद्या संस्थेला द्यायच्या का? विचार चालू आहे. देशात अशा संस्था आहेत. रेकॉर्ड जमवणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था मुंबईत १९९० साली स्थापन झाली. लोकसंगीताचे ध्वनिमुद्रण जपणारे 'आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी' हे केंद्र १९८२ पासून काम करत आले आहे. पण आईच्या हयातीत पेटी घराबाहेर जाणार नाही, एवढे पक्के आहे. तिच्यानंतर कोणाकडे जाईल, हे आम्ही दोघा भावांनी सही करून लिहून ठेवले आहे. वाटणीच्या भांडणात वस्तू मरते, हे आम्ही इतरांच्या घरी पाहिले आहे.

घरी एवढे करा

रेकॉर्डी एकावर एक रचू नका. पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. ऊन, चूल आणि टिनाचे छत यांपासून दूर ठेवा. कागदी कव्हर ओले असेल तर सावलीत वाळवा, पण फेकू नका.

धूळ मऊ सुती फडक्याने, खाचेच्या दिशेने गोल पुसा. व्हिनाईलची रेकॉर्ड फार मळली असेल तर स्वच्छ पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून पुसा, मधला कागद भिजू देऊ नका. लाखेच्या तव्याला स्पिरिट कधीही लावू नका. स्पिरिटमध्ये लाख विरघळते आणि गाणे कायमचे जाते.

चावीच्या जुन्या ग्रामोफोनची लोखंडी सुई व्हिनाईलवर टेकवू नका. ७८ च्या तव्याची खाच रुंद, तर व्हिनाईलची तिच्या साधारण एक-तृतीयांश असते. चुकीच्या सुईने खाच खरवडली जाते.

संगणकात उतरवताना आधी 'वेव्ह' स्वरूपात, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ किंवा त्याहून वर ठेवा. तीच मूळ प्रत समजा. मोबाईलसाठी त्यावरून एमपी-थ्री करा. 'ऑडॅसिटी' हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. काहीच सोय नसेल तर यंत्राजवळ मोबाईल धरून का होईना, पण उतरवा. उतरवल्यावर मूळ तवा फेकू नका.

प्रत्येक रेकॉर्डीवरचा क्रमांक, गायक, गीतकार, संगीतकार, कंपनी यांची नोंद वहीत करा. घरातल्या वृद्धांना आठवते ते आजच लिहून घ्या.

कॅसेटी असतील तर आधी त्यांच्याकडे वळा. तवा शंभर वर्षे टिकतो, कॅसेटची फीत बुरशीने आणि उष्णतेने त्याआधीच जाते. लग्नातली, जयंतीच्या भाषणाची, स्थानिक शाहिराची कॅसेट दुसरीकडे कुठेही नसते.

घरी ऐकण्यासाठी प्रत केली तर हरकत नाही. पण ती विकणे किंवा सर्वांसाठी इंटरनेटवर टाकणे यात कायदा येतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. १९६४ साली निघालेल्या रेकॉर्डीचा हक्क २०२४ अखेर संपला. गीतकाराचा हक्क मात्र त्याच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. वामनदादांच्या वारसांचा हक्क आपणच बुडवला तर आपल्यात आणि शोषण करणाऱ्यांत फरक काय?

संस्थेला देताना चार गोष्टी विचारा. लेखी पावती मिळेल का? आवाजाची प्रत आम्हाला मिळेल का? आमच्या गावचा मुलगा उद्या ऐकायला आला तर ऐकू द्याल का? आणि कव्हरावरचे हस्ताक्षर जपाल का? चारही उत्तरे 'हो' असतील तरच द्या.

समाजबांधवांनो, भगिनींनो, येत्या वर्षावासात विहारात आठवड्यातून एकदा जमतोच. त्यातला एक दिवस यासाठी ठेवा. ज्याच्या घरी जे असेल ते घेऊन यावे. तवा, कॅसेट, जयंतीचे जुने पत्रक, बौद्ध पद्धतीने लागलेल्या पहिल्या लग्नाची पत्रिका. तरुणांनी फोटो काढावेत, वृद्धांनी सांगावे, एकाने वहीत लिहावे. खर्च चहाचा.

आमच्या नव्या घराला या पौर्णिमेला बुद्धवंदना झाली. भिंतींना अजून रंग नाही. बाबांच्या हाताने लिहिलेली कव्हरे पुतणीने प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून क्रमाने लावली आहेत. त्यांतल्या तीन गावांची नावे आईलाही ओळखता आली नाहीत. जंगलातले टोले होते, उठून गेले असतील. तिथे कोणासाठी गाणे वाजले, ते कोणाला ठाऊक असेल तर आम्हाला या साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर कळवावे.

जयभीम! नमो बुद्धाय!